आकडा बरोबर, रकाना चुकीचा

हिशोबाच्या कागदावर दोन गोष्टी अचूक असाव्या लागतात. एक म्हणजे आकडा आणि दुसरी म्हणजे त्या आकड्याची जागा. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीची हिशोबपट्टी असो, वाळवा किंवा कराड तालुक्यातील शेतकऱ्याच्या हाती पडणारे ऊसबिल असो, नाहीतर साताऱ्यातील एखाद्या पतसंस्थेचे पासबुक असो. त्यावरचा '१,२५०' हा आकडा स्वतःहून काहीच सांगत नाही. तो 'हमाली'पुढे पडला तर त्याचा अर्थ एक होतो, 'उचल' या शब्दापुढे पडला तर दुसरा. पासबुकात जमेच्या रकान्याऐवजी नावेच्या रकान्यात पडला, तर अर्थ थेट उलटाच होतो.

हाताने लिहिणाऱ्या कारकुनाला जागेची चिंता नसते. त्याला रकाना दिसतो. संगणकाला मात्र कागद दिसत नाही. त्याला फक्त दोन संख्या सांगितलेल्या असतात: इतके आडवे जा, इतके खाली उतर आणि तेथे छाप. या दोन संख्यांचा अर्थ लावताना प्रोग्रॅमिंग भाषेत किंवा तिच्या छपाई-सोयीत काही गफलत असेल, तर हिशोब पै न् पै बरोबर असूनही कागद खोटा बोलू लागतो. गेल्या तीन-चार दशकांत लहान शहरांतील प्रोग्रॅमरांनी या गफलतीवर जे तोडगे काढले, ते संगणकाच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडतात. पण आजही एखादा छापील फॉर्म प्रिंटरमध्ये घातला की तेच प्रश्न पुन्हा उभे राहतात.

छापील कागदाची अट

कोऱ्या कागदावर छपाई करताना मजकूर चार मिलिमीटर इकडे-तिकडे झाला, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रश्न येतो तो आधीच छापून घेतलेल्या कागदाचा. संस्थेचे नाव, बोधचिन्ह, रकान्यांची शीर्षके आणि रेघा छापखान्यातून आधीच छापून आणायच्या आणि संगणकाने फक्त रिकाम्या जागा भरायच्या, ही पद्धत अनेक वर्षे सर्वत्र रूढ होती आणि पासबुक, धनादेश, प्रमाणपत्रे यांच्या बाबतीत ती आजही आहे. एकाच वेळी दोन-तीन प्रती हव्या असतील तर कार्बन लावलेला सलग कागद आणि त्यावर ठोके देऊन छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लागतो. लेझर किंवा इंकजेट प्रिंटर कागदावर ठोका देत नाही, त्यामुळे त्याच्याकडून कार्बन प्रत निघू शकत नाही.

या पद्धतीत कागदावरच्या रेघा एकाने आखलेल्या असतात आणि त्यांत आकडे दुसरा भरतो. दोघांचे माप एकाच ठिकाणापासून सुरू झाले नाही, तर सगळे गणित फसते. नववीच्या भूमितीत निर्देशक शिकताना प्रत्येकाने आरंभबिंदू हा शब्द ऐकलेला असतो. बिंदूचे स्थान सांगण्यापूर्वी मोजणी कोठून सुरू करायची हे ठरवावे लागते. छपाईतील बहुतेक घोळ या एका प्रश्नाच्या दोन वेगवेगळ्या उत्तरांतून जन्माला येतात.

क्लिपरची मोजणी

१९९०च्या दशकात लहान संस्थांच्या हिशोबाच्या प्रणाली बहुधा डीबेस, क्लिपर किंवा फॉक्सप्रो या भाषांत लिहिल्या जात. क्लिपर १९८५मध्ये बाजारात आली. डॉस प्रणालीवर चालणाऱ्या या भाषांत छपाईची आज्ञा सोपी होती: अमुक ओळ, अमुक स्तंभ, आणि काय छापायचे ते. ओळी आणि स्तंभ शून्यापासून मोजले जात. सर्वसाधारण मांडणीत एका इंचात सहा ओळी आणि दहा अक्षरे बसत. बारा इंची सलग कागदावर अशा बहात्तर ओळी होत. प्रोग्रॅमर फूटपट्टी घेऊन फॉर्म मोजत असे, प्रत्येक रकान्याची ओळ व स्तंभ वहीत मांडत असे आणि त्याबरहुकूम आज्ञा लिहीत असे.

येथे पहिली मेख होती. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ओळीतल्या कोणत्याही स्तंभावर आपोआप उडी मारत नाही. चाळिसाव्या स्तंभावर आकडा हवा असेल तर आतापर्यंत किती अक्षरे गेली ते मोजून उरलेल्या जागेत कोरे ठसे पाठवावे लागतात. क्लिपर हे काम स्वतःच करत असे. आपण कोणत्या ओळीवर आणि कोणत्या स्तंभावर आहोत याची नोंद ती भाषा स्वतःपाशी ठेवी. 'पीरो' ही ओळीची नोंद आणि 'पीकॉल' ही स्तंभाची.

आता खातेदाराचे नाव ठळक छापायचे असेल तर प्रिंटरला तशी सूचना द्यावी लागे. ही सूचना दोन सांकेतिक चिन्हांची असे. ठळकपणा बंद करायला आणखी दोन. ही चार चिन्हे कागदावर उमटत नाहीत. प्रिंटर ती वाचतो, आपली छपाईची तऱ्हा बदलतो आणि डोके जागचे हलवत नाही. क्लिपरची मोजणी मात्र ही चिन्हेही छापलेल्या अक्षरांतच धरी. परिणामी भाषेच्या समजुतीप्रमाणे डोके जिथे असायला हवे, त्याच्या चार स्तंभ डावीकडे ते प्रत्यक्षात असे. पुढचा आकडा चाळिसाव्या स्तंभाऐवजी छत्तिसाव्यावर पडे. दहा अक्षरांना एक इंच या हिशोबाने ही चूक एक सेंटिमीटरहून किंचित जास्त भरते. अरुंद रकान्यांच्या पावतीवर तेवढ्यात आकडा शेजारच्या घरात जाऊन बसतो. नाव ठळक केले आणि रक्कम सरकली, असा हा अजब प्रकार असे. दोन गोष्टींचा संबंध काय, हे नवख्याला उमगत नसे.

यावरचा तोडगा त्याच भाषेत होता. 'सेटपीआरसी' नावाची एक सोय क्लिपरमध्ये होती. तिच्यामुळे प्रिंटरला काहीही न पाठवता भाषेच्या नोंदीतील ओळ व स्तंभ बदलता येत. सूचना पाठवण्यापूर्वी आपण कोठे आहोत ते जपून ठेवायचे, सूचना पाठवायची आणि मग नोंद पुन्हा पूर्ववत करायची. एवढ्या तीन पायऱ्यांनी भाषेची समजूत आणि प्रिंटरचे वास्तव पुन्हा एका जागी येत.

दुसरी मेख त्याहून महागात पडणारी होती. छपाई एकदा चाळिसाव्या ओळीपर्यंत गेली आणि त्यानंतर कोणी पाचव्या ओळीवर काही छापायला सांगितले, तर कागद मागे घेता येत नसल्याने ही भाषा चालू पान बाहेर ढकलत असे आणि नव्या पानाच्या पाचव्या ओळीवर छापत असे. प्रोग्रॅममध्ये तारखेची आज्ञा बेरजेच्या आज्ञेनंतर लिहिली गेली, की एका शेतकऱ्याच्या पट्टीची तारीख पुढच्या शेतकऱ्याच्या पट्टीवर जाऊन पडे. म्हणून जाणत्या प्रोग्रॅमरचा दंडक असा असे, की छपाईच्या आज्ञा विषयानुसार न लिहिता कागदाच्या क्रमाने लिहायच्या, वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे.

विंडोजमधला हरवलेला कोपरा

विंडोज आल्यावर ओळी-स्तंभांची जागा खऱ्या मापांनी घेतली. १९९८मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिक ६ या भाषेत छपाईचे मूळ माप 'ट्विप' हे होते. एका इंचात १,४४० ट्विप, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये साधारण ५६७. इतके बारीक माप हाती आल्यावर जागा चुकण्याचा प्रश्न मिटायला हवा होता. प्रत्यक्षात त्याने रूप बदलले.

लेझर प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाही. कागद पकडून पुढे नेण्यासाठी चारही बाजूंना थोडी जागा त्याला मोकळी सोडावी लागते. अनेक लेझर प्रिंटरांत ही पट्टी सुमारे एक षष्ठांश इंचाची, म्हणजे ४.२ मिलिमीटरच्या आसपास असते. व्हिज्युअल बेसिकमध्ये 'शून्य, शून्य' या ठिकाणी छाप असे सांगितले, तर छपाई कागदाच्या कोपऱ्यापासून सुरू होत नसे. ती जिथून प्रिंटरला छापणे शक्य आहे त्या भागाच्या कोपऱ्यापासून होई. प्रोग्रॅमर फूटपट्टी लावतो ती कागदाच्या कडेला. भाषा मोजते ती त्या अदृश्य चौकटीच्या कडेपासून. साहजिकच सगळा मजकूर थोडा उजवीकडे आणि थोडा खाली सरकून येतो. प्रिंटर बदलला की त्याची पट्टी वेगळी, म्हणून सरकण्याचे मापही वेगळे.

त्यानंतर २००२मध्ये आलेल्या डॉट नेट या व्यवस्थेत हा घोळ अधिक गुंतागुंतीचा झाला. तेथे समासांच्या आतील चौकट सांगणारी 'मार्जिन बाउंड्स' नावाची सोय आहे. ती कागदाच्या खऱ्या कडेपासून मोजून उत्तर देते. पण त्या उत्तरानुसार प्रत्यक्ष छपाई सुरू झाली, की तिचा आरंभबिंदू छापता येण्याजोग्या भागाचा कोपरा हा असतो. एकाच व्यवस्थेत मोजणी एका कोपऱ्यापासून आणि छपाई दुसऱ्या कोपऱ्यापासून. त्यातही फसवी गोष्ट अशी, की पडद्यावर दिसणाऱ्या पूर्वदृश्यात ही तफावत दिसत नाही, कारण पडद्याला कागद पकडण्याची पट्टी लागत नाही. पडद्यावर सारे चोख दिसते आणि कागदावर सरकते. यामुळे कित्येकदा दोष प्रिंटरला दिला जातो, कधी कागद नीट न बसवणाऱ्या शिपायाला.

एक षष्ठांश इंच

चार मिलिमीटर ही वरवर क्षुल्लक वाटणारी चूक आहे. पण एक षष्ठांश इंच हे माप या गोष्टीत दोनदा येते, याकडे लक्ष द्यायला हवे. अनेक लेझर प्रिंटरांची न छापता येणारी पट्टी एक षष्ठांश इंचाची असते आणि इंचाला सहा ओळी या जुन्या मांडणीत एका ओळीची उंचीही एक षष्ठांश इंच असते.

याचा परिणाम एका काल्पनिक ऊसबिलावर पाहू. कपातीच्या तक्त्यात 'सोसायटी कर्ज', 'पाणीपट्टी' आणि 'ठेव' अशा तीन ओळी एकाखाली एक आहेत. जुन्या डॉट मॅट्रिक्ससाठी आखलेला हा फॉर्म नव्या लेझर प्रिंटरमध्ये घातला. मजकूर अर्धी ओळ खाली सरकला असता, तर आकडे रेघांवर चढले असते आणि पहिल्याच पानाला कोणीतरी ओरडले असते. पण मजकूर नेमकी एक ओळ सरकला. आकडे रेघांच्या मधोमध, नीटनेटके बसले. फक्त सोसायटीच्या कर्जाची रक्कम पाणीपट्टीपुढे आणि पाणीपट्टीची रक्कम ठेवीपुढे. नाव-गावाच्या जागा सैल असतात, बेरजेची चौकट उंच असते. तेथे काही खटकत नाही. बेरीज तर बरोबरच असते, कारण ती संगणकाने कागदावरून केलेली नसते.

छपाईच्या चुकांत हीच सर्वांत धोक्याची. वाकडी दिसणारी चूक पकडली जाते. सरळ दिसणारी चूक फाइलला लागते. संस्थेच्या संगणकात नोंद योग्यच असते, त्यामुळे लेखापरीक्षणातही काही निघत नाही. चुकीचा कागद असतो तो फक्त शेतकऱ्याच्या ट्रंकेत. सोसायटीत कर्जाची बाकी विचारायला तो ते बिल घेऊन जातो, तेव्हा त्याच्याकडचा पुरावा त्याच्याच विरुद्ध बोलतो.

तोडगा कसा काढतात?

तोडग्याचे मर्म एका वाक्यात सांगता येईल: आपले प्रत्येक माप कागदाच्या कडेपासून घ्यावे आणि छपाईच्या क्षणी प्रिंटरची पट्टी त्यातून वजा करावी.

ही पट्टी किती, हे प्रिंटरलाच विचारता येते. विंडोजमध्ये 'गेट डिव्हाइस कॅप्स' नावाची सोय आहे. तिला ११२ हा क्रमांक दिला की डावीकडची पट्टी आणि ११३ दिला की वरची पट्टी कळते. उत्तर प्रिंटरच्या ठिपक्यांत येते. समजा, इंचाला ६०० ठिपके छापणाऱ्या प्रिंटरने उत्तर दिले १००. म्हणजे पट्टी एक षष्ठांश इंच, अर्थात २४० ट्विप. एखादा आकडा कागदाच्या डाव्या कडेपासून ५० मिलिमीटरवर हवा असेल, तर त्याचे माप २,८३५ ट्विप होते. त्यातून २४० वजा करून भाषेला २,५९५ सांगायचे. आकडा बरोबर ५० मिलिमीटरवर उमटतो. व्हिज्युअल बेसिक ६मध्ये ही सोय भाषेच्या बाहेरून, थेट विंडोजकडून मागवावी लागे.

डॉट नेटमध्येही सुरुवातीला तसेच करावे लागत होते. २००३च्या आवृत्तीत 'ओरिजिन अ‍ॅट मार्जिन्स' ही सोय आली, आणि २००५च्या आवृत्तीत 'हार्ड मार्जिन एक्स' व 'हार्ड मार्जिन वाय' या नावांनी ही पट्टी भाषेतूनच विचारता येऊ लागली. मात्र या सोयी मागितल्याशिवाय लागू होत नाहीत. ज्याला त्यांची माहिती नाही, त्याच्या प्रोग्रॅममध्ये जुना घोळ जसाच्या तसा राहतो.

प्रिंटरने दिलेल्या उत्तरावर मात्र डोळे झाकून विसंबता येत नाही. ट्रे किंचित ढिला असतो, सलग कागद दाते असलेल्या चाकांवर एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे बसतो. म्हणून अनुभवी माणसे एक चाचणी पान छापतात. कागदाच्या डाव्या व वरच्या कडेपासून प्रत्येकी २० मिलिमीटरवर एक फुली छापायची, आणि उजव्या खालच्या कोपऱ्याजवळ दुसरी. मग फूटपट्टीने मोजायचे. दोन्ही फुल्या सारख्याच अंतराने सरकल्या असतील, तर आरंभबिंदूत फरक आहे. तेवढे वजा केले की झाले. पहिली फुली जागेवर आणि दुसरी आत सरकलेली असेल, तर आरंभबिंदू ठीक असून मजकूर लहान होऊन छापला जात आहे. हे दोन आजार वेगळे आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर दुखणे वाढते. शेवटी ते चाचणी पान छापील फॉर्मवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरायचे. फॉर्मचा गठ्ठा वाया न घालवता दोष दिसतो.

ओळीगणिक साचणारी चूक

पहिली ओळ जागेवर आणि तिसावी मात्र रेघेवर, असा एक वेगळा प्रकारही असतो. त्याचे कारण पूर्णांकांच्या मापात आहे. डॉट नेटमधील छपाईचे नेहमीचे माप इंचाचा शंभरावा भाग हे असते. फॉर्मवर ओळी आठ मिलिमीटरच्या असतील, तर एक ओळ ३१.४९६ भागांची होते. प्रोग्रॅमरने पूर्णांक म्हणून ३१ धरले आणि प्रत्येक ओळीला आधीच्या ओळीत ३१ मिळवत गेला, तर तीस ओळींनंतर चूक जवळपास ३.८ मिलिमीटर होते. आठ मिलिमीटरच्या ओळीत ती जवळजवळ अर्धी ओळ झाली. उपाय सोपा आहे. मागच्या ओळीत भर घालायची नाही. प्रत्येक ओळीचे स्थान सुरुवातीपासून नव्याने काढायचे आणि अपूर्णांक शेवटी एकदाच सोडायचा. गवंडी विटेवर वीट मोजत नाही, ओळंबा लावतो. त्यामागचे शहाणपण हेच आहे.

डॉट मॅट्रिक्समध्येही याचे भावंड होते. ओळींतील अंतर ठरवणारी एक सूचना नऊ सुयांच्या प्रिंटरला इंचाच्या २१६व्या भागात कळत असे, तर चोवीस सुयांच्या प्रिंटरला १८०व्या भागात. नऊ सुयांच्या प्रिंटरसाठी लिहिलेला ३६ हा आकडा म्हणजे एक षष्ठांश इंच. तोच चोवीस सुयांच्या प्रिंटरला दिला, की एक पंचमांश इंच. तीस ओळींचा पाच इंची तक्ता सहा इंचांचा होई. प्रोग्रॅममधले एक अक्षरही बदललेले नसे. बदललेला असे तो फक्त टेबलावरचा प्रिंटर.

धनादेशावर खाडाखोड चालत नाही

बिल चुकले तर दुसरे छापता येते. धनादेशाचे तसे नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीटीएस-२०१० या मानकानुसार धनादेशाचा आकार २०२ बाय ९२ मिलिमीटर असतो. तारखेसाठी आठ घरे आखलेली असतात, अंकी रकमेला स्वतंत्र चौकट असते आणि तळाशी यंत्राने वाचायच्या क्रमांकांची पट्टी मोकळी ठेवावी लागते. धनादेशाची प्रतिमा घेऊन वटणावळ होत असल्याने, मुदत वाढवण्यासाठी तारखेत केलेला बदल सोडला तर अन्य कोणतीही दुरुस्ती चालत नाही. नाव किंवा रक्कम चुकीच्या जागी छापली गेली, की तो धनादेश रद्द करून दुसरा काढणे एवढाच मार्ग उरतो.

येथे आरंभबिंदूचा आणखी एक प्रश्न येतो. काही प्रिंटर अरुंद कागद डाव्या कडेला धरून आत घेतात, काही ट्रेच्या मधोमध. साडेआठ इंच रुंदीच्या मार्गात ९२ मिलिमीटर रुंदीचा धनादेश मध्यभागी बसला, तर त्याची डावी कड मार्गाच्या कडेपासून सुमारे ६२ मिलिमीटर आत येते. डावीकडून कागद घेणाऱ्या प्रिंटरसाठी लिहिलेला प्रोग्रॅम अशा प्रिंटरवर चालवला आणि प्रिंटरला कागदाचा खरा आकार सांगितलेला नसला, तर मजकूर ट्रेवरच छापला जाण्याची वेळ येते. म्हणून धनादेशाची पहिली छपाई त्याच आकाराच्या कोऱ्या कागदावर करून पाहणे, हा साधा नियम पाळला जातो.

तोडगाच दोष होतो तेव्हा

तोडगा सापडला की काम संपले असे वाटते. खरी काळजी तेथून पुढे घ्यावी लागते. घाईत असलेला प्रोग्रॅमर '२४० वजा कर' असे थेट प्रोग्रॅममध्ये लिहून टाकतो. त्या दिवशी, त्या प्रिंटरवर, ते अचूक असते. दोन वर्षांनी प्रिंटर बदलतो, किंवा विंडोजची नवी आवृत्ती येते, किंवा जुना प्रोग्रॅम डॉट नेटमध्ये उतरवताना कोणी 'ओरिजिन अ‍ॅट मार्जिन्स' सुरू करतो. मूळ दोष नाहीसा झालेला असतो, पण २४० वजा करणे चालूच राहते. आता मजकूर उजवीकडे-खाली न सरकता डावीकडे आणि वर सरकतो. त्या २४० या आकड्याचा अर्थ सांगणारा माणूस तोपर्यंत पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेला असतो.

म्हणून अशा तोडग्याची तीन पथ्ये आहेत. पहिले, वजाबाकीचा आकडा प्रोग्रॅममध्ये न लिहिता प्रिंटरच्या नावासह वेगळ्या नोंदीत ठेवावा आणि तो बदलण्याची सोय पडद्यावर द्यावी. दुसरे, तो आकडा का वजा होतो हे त्याच ठिकाणी साध्या मराठीत लिहून ठेवावे. तिसरे, प्रिंटर किंवा प्रणाली बदलल्यावर चाचणी पान छापल्याशिवाय एकही खरा फॉर्म आत घालू नये. यांत संगणकशास्त्र फारसे नाही. दप्तर नीट ठेवण्याची शिस्त आहे.

वारणेच्या खोऱ्यातील धडा

जागेचा हा प्रश्न मुळातच टाळता येईल का? याचे एक उत्तर सांगली जिल्ह्याच्या हद्दीवरच मिळते. १९९८मध्ये वारणानगर परिसरात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्यात होती आणि ऊस उत्पादकांना आपल्या ऊसाची माहिती गावातल्या संगणक केंद्रावर मिळावी, हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. पुढे मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने तेथील सात गावांत संगणकाऐवजी मोबाइल संदेशांवर चालणारी व्यवस्था वापरून पाहिली. तिचा अहवाल २००७मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकावर होणारी कामे साध्या मोबाइलवर, कमी खर्चात होऊ शकतात, असे त्यातून दिसले.

त्या प्रयोगाचा उद्देश छपाईचे दोष टाळणे हा नव्हता. तरी त्यातून छपाईपुरता एक मुद्दा निघतो. मोबाइल संदेशात आकडा एकटा येत नाही. 'वजन', 'तारीख' असे त्याचे नाव त्याच्या सोबतच येते. त्यामुळे त्याला रकान्याची गरज उरत नाही. कागदावरही हेच करता येते. शीर्षके आणि रेघा छापखान्यातून न आणता आकड्यांबरोबर संगणकानेच कोऱ्या कागदावर छापल्या, तर आरंभबिंदू कितीही सरकला तरी शीर्षक आणि आकडा एकत्रच सरकतात. समास थोडा कमी-जास्त दिसेल, पण सोसायटीचे कर्ज पाणीपट्टीपुढे जाणार नाही. कार्बन प्रतींची गरज जिथे संपली आहे, तिथे हाच सर्वांत खात्रीचा तोडगा आहे.

जिथे छापील कागद अटळ आहे, तिथे मात्र जुना घोळ नव्या वेशात भेटतो. आता बरेचसे फॉर्म पीडीएफ स्वरूपात तयार होतात. पीडीएफमध्ये मोजणी इंचाच्या बहात्तराव्या भागात आणि पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून वर होते. विंडोजमध्ये ती वरच्या कोपऱ्यापासून खाली होते. दोहोंची गल्लत झाली, तर तक्ता उलटा उभा राहतो. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय निवडलेला राहिला, तर संपूर्ण मजकूर किंचित लहान होतो आणि पानाच्या शेवटाकडे रकाने चुकू लागतात. १०० मिलिमीटरची एक रेघ छापून मोजली, की हे लगेच कळते. ती ९७ मिलिमीटर भरली, तर दोष प्रोग्रॅमचा नसून त्या पर्यायाचा आहे आणि 'मूळ आकार' निवडल्यावर तो जातो.

ग्राहकाच्या किंवा शेतकऱ्याच्या हाती यातले काहीच नसते. त्याच्या हाती फक्त कागद असतो. त्याने एवढे जरूर करावे, की बेरीज तपासून न थांबता प्रत्येक रक्कम तिच्या नावापुढे आहे का, हे खिडकीवरून हलण्यापूर्वी पाहावे. आणि खिडकीच्या आतल्या माणसाने, 'संगणकात बरोबर आहे' असे सांगून तो कागद परत करू नये. संगणकातले कोणी घरी नेत नाही. घरी जातो तो कागदच.